पहिल्या वर्षाला डिझाइनची सामाजिक जबाबदारी शिकवताना: नव्या अध्यापकांसाठी मार्गदर्शक

डिझाइन, उपयोजित कला, अंतर्गत सजावट किंवा वास्तुकला यांच्या पहिल्या वर्षाला शिकवण्यासाठी तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर ‘डिझाइन आणि समाज’ अशा नावाचा एखादा घटक वेळापत्रकाबरोबर तुमच्या हाती येण्याची शक्यता बरीच आहे. तो बहुधा नव्या माणसाकडेच सोपवला जातो, कारण त्याला ठरलेले पुस्तक नसते, ठरलेल्या शीट नसतात आणि परीक्षेत त्यावर फार काही विचारले जात नाही. मग दोन-तीन व्याख्याने होतात, ‘पाणी वाचवा’ असे एक पोस्टर करून घेतले जाते आणि घटक ‘पूर्ण’ झाल्याची नोंद होते. कोल्हापुरात हा विषय शिकवत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींकडे सद्भावना भरपूर असते. त्यांना शिकवायचे असते ते मोजणे. कोणाचे, कोठे, कितीने अडते हे टेप, वजनकाटा आणि घड्याळ घेऊन शोधण्याची सवय लागली की कळवळ्याच्या जागी जबाबदारी येते. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

१. घटक वेगळा ठेवू नका

वेळापत्रकात या घटकाला दिलेले तास एकगठ्ठा शिकवून संपवू नयेत. रेखांकन, मॉडेल, अक्षररचना, साहित्यज्ञान असे जे विषय पहिल्या वर्षाला असतातच, त्यांच्या सरावांना हा घटक जोडून घ्यावा. त्यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच सहकाऱ्यांशी बोला आणि प्रत्येक असाइनमेंटच्या खाली तीन प्रश्न छापून घ्या: ही वस्तू कोणाला वापरता येणार नाही? ती करणाऱ्याला काय मिळाले? ती निकामी झाल्यावर कोठे जाईल? तिसऱ्या प्रश्नाला विद्यार्थी ‘पुनर्वापर होईल’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. ते स्वीकारू नका; कोण उचलून नेईल, काय भावाने घेईल आणि त्याचे पुढे काय करील, हे भंगारवाल्याला विचारून लिहायला सांगा.

काही सहकारी याला विरोध करतील. त्यांचा आक्षेप असा असतो की पहिल्या वर्षाला रेघ सरळ यायला हवी, बाकीचे पुढे बघू. रेघेबद्दल ते बरोबर आहेत. पण पुढच्या वर्षांत सबमिशनचा भार इतका वाढतो की न लागलेली सवय तेव्हा लावायला कोणाला वेळ नसतो, हे त्यांना शांतपणे सांगा आणि सरावाचे गुण त्यांच्याच हाती राहू द्या.

२. कागदपत्रे आणि साधने

वर्गाबाहेर जाण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात. महाविद्यालयातून पत्र निघायला वेळ लागतो, म्हणून सत्र सुरू होताच अर्ज टाका.

– प्राचार्यांच्या सहीचे पत्र: भेटीचा हेतू, विद्यार्थीसंख्या, दिनांक आणि जबाबदार अध्यापकाचे नाव यांसह. सरकारी इमारत, बसस्थानक किंवा रुग्णालय असेल तर त्या कार्यालयाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते.
– पालकांचे संमतिपत्र: बारावीनंतर लगेच आलेल्यांपैकी काहींचे वय अठरा पूर्ण नसते, त्यामुळे सर्वांचेच घेतलेले बरे.
– माहिती देणाऱ्याचे संमतिपत्र: साध्या मराठीत, एका पानाचे. छायाचित्र घेण्याची संमती आणि ते छापण्याची संमती यांसाठी दोन वेगळ्या ओळी ठेवा.
– पाच मीटरचा स्टीलचा टेप, पाणसळ, ओळंबा, सुतळी, खडू, लटकवण्याचा वजनकाटा, घड्याळ.
– स्केचबुक आणि पेन्सिल. मोबाइल शेवटी, फोटो आधी काढला की निरीक्षण थांबते.

संमतिपत्र वाचून दाखवायला विद्यार्थ्यांना शिकवा. समोरच्या व्यक्तीला वाचता येत असले तरी वाचून दाखवावे, म्हणजे ‘येथे सही करा’ एवढ्यावर काम उरकले जात नाही.

३. पहिली असाइनमेंट घरातून द्या

पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना वस्तीत किंवा एखाद्या संस्थेत नेऊ नका. त्यांना अजून पाहता येत नसते, त्यामुळे ते फक्त दुःख पाहून परत येतात. आपल्या वर्गात कागल, राधानगरी, शिरोळ, गडहिंग्लज अशा तालुक्यांतून आलेली मुले असतात आणि शहरातलीही असतात. प्रत्येकाच्या घरात एक तरी वस्तू अशी असते जिचा घरातल्या कोणाला तरी रोज त्रास होतो. ती शोधायला सांगा आणि त्रास आकड्यांत लिहायला सांगा.

स्वयंपाकघराचा ओटा हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. गवंडी साधारण ३२ ते ३४ इंच उंचीचा ओटा सवयीने बांधतो. उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, आणि जोर लावून करायच्या कामासाठी त्याहूनही खाली, असे मानवमितीचा, म्हणजे माणसाच्या शरीराच्या मापांचा, अभ्यास सांगतो. आता भाकरी थापण्याचा विचार करा. हे जोराचे काम आहे, आणि ते थेट ओट्यावर होत नाही, ओट्यावर ठेवलेल्या परातीत होते. उंची कमी असलेल्या आईचे कोपर आणि परातीचा काठ यांतले अंतर मोजले की तिचा खांदा का दुखतो हे विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. घर बांधताना तिची उंची कोणी विचारली होती का, हा प्रश्न वर्गात आपोआप निघतो. तो निघाल्यावर घाई करू नका. बऱ्याच मुलांनी आईच्या कामाकडे काम म्हणून प्रथमच पाहिलेले असते.

पाण्याची भरलेली कळशी, गॅसची टाकी, वाड्यातला उंच उंबरा, न्हाणीघरातील गुळगुळीत फरशी, औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे ही याच धर्तीची आणखी काही उदाहरणे. कोणाच्या घरची परिस्थिती उघडी पडणार नाही याची काळजी मात्र घ्यायला हवी. घराचे छायाचित्र मागू नका, मोजमाप आणि रेखाटन पुरेसे आहे. आणि स्वतःच्या घराऐवजी शेजाऱ्याच्या किंवा वसतिगृहातल्या वस्तूवर काम करण्याची मुभा सर्वांना द्या, म्हणजे ती कोणी का घेतली हे कोणाला कळत नाही.

व्याख्यान द्यायचेच असेल तर ते या असाइनमेंटनंतर द्या आणि जयपूर फूटचे उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपुरात हा कृत्रिम पाय घडवला. त्याआधीचे परदेशी धर्तीचे पाय बूट घालून चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, अनवाणी चिखलात चालणे त्यांत गृहीतच धरले नव्हते. वापरणारा कसा बसतो एवढे पाहिल्यावर संपूर्ण रचना बदलली, हे विद्यार्थ्यांना ओट्यानंतर चटकन समजते.

४. उतार मोजायला न्या

दुसरी असाइनमेंट सार्वजनिक इमारतीची. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात ही त्यात सक्ती आहे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार १:१२ पेक्षा उभा असून चालत नाही, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लांबीचा उतार. विद्यार्थ्यांना ही अठरा फुटांची रेघ महाविद्यालयाच्या अंगणात खडूने काढायला लावा. ती किती लांब असते हे पाहिल्यावर, इमारत पूर्ण झाल्यावर कोपऱ्यात चिकटवलेले उतार इतके उभे का असतात याचे कारणही कळते: जागा आधी ठेवलेलीच नसते. त्यानंतर शहरातील एखादे कार्यालय, बँक किंवा नाट्यगृह घेऊन उंची आणि लांबी मोजावी, कठडा आहे की नाही, वर वळायला सपाट जागा आहे की नाही, दरवाजा बाहेर उघडतो की आत, हे नोंदवावे.

येथे एक सापळा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा अर्धा तास चाकाच्या खुर्चीत बसून ‘अनुभव’ घेण्याचा खेळ अनेक ठिकाणी खेळवला जातो. त्यातून विद्यार्थ्याला फक्त स्वतःची भीती कळते आणि तो दया घेऊन उठतो. वर्षानुवर्षे खुर्ची वापरणाऱ्या माणसाचे कौशल्य त्याला अजिबात दिसत नाही. त्याऐवजी अशा व्यक्तीला वर्गात तज्ज्ञ म्हणून बोलवा आणि इतर पाहुण्या व्याख्यात्यांना जे मानधन देता तेच द्या. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरातच आहे. अशा संस्थेकडे जाताना ‘आम्ही तुमच्यासाठी काय करू’ असे विचारत जाऊ नका. ‘आमच्या विद्यार्थ्यांची मोजमापे तपासून द्याल का’ असे विचारा.

५. चप्पल: पाहा, पण बदलायला घेऊ नका

कोल्हापुरात डिझाइन शिकवताना चप्पल टाळता येत नाही आणि टाळूही नये. मात्र ‘कोल्हापुरी चपलेला आधुनिक रूप द्या’ ही असाइनमेंट पहिल्या वर्षाला कधीही देऊ नये. ज्याने कातडे हातात धरलेले नाही, त्याच्याकडून पंधरा दिवसांत होते ते फक्त रंगकाम, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या माणसाला आपण काहीतरी शिकवायला आलो आहोत असा समज विद्यार्थ्याच्या मनात पक्का होतो.

द्यायची असाइनमेंट वेगळी आहे: एका चपलेचा प्रवास काढा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे, तळ कापणे, थर चिकटवणे, कान लावणे, पट्टा बसवणे, चामड्याच्याच वादीने शिवणे, वेणी घालणे या प्रत्येक टप्प्याला कोणते हत्यार लागते, किती वेळ जातो आणि ते काम कोण करते याची एक मोठी शीट. ‘कोण करते’ हा रकाना विद्यार्थी हमखास घाईने भरतात. तेथे थांबवा. वेणी आणि नक्षीचे बरेच काम घरातल्या स्त्रिया करतात, आणि दुकानातल्या पाटीवर किंवा वस्तूच्या माहितीत त्यांचा उल्लेख सहसा नसतो. कापशी, पुकरी, बक्कलनळी, कचकडी ही चपलांच्या प्रकारांची नावे कारागिराच्या तोंडून ऐकून लिहावीत. शेवटी, एका जोडाच्या विक्रीकिमतीतले कातडे, मजुरी आणि दुकानाचा वाटा यांचे पट्टे प्रमाणात काढावेत. कोणी आकडे सांगायला नाखूश असेल तर आग्रह धरू नका, तो रकाना कोरा ठेवा आणि कोरा का आहे हे खाली लिहा.

कारागिराचा दिवस हा त्याच्या रोजगाराचा दिवस असतो. पन्नास विद्यार्थी एकदम घेऊन गेल्यास काम बंद पडते. पाच-सहांचा गट पाठवावा, वेळ कारागिराने सांगावी, आणि त्याच्या वेळेचे पैसे महाविद्यालयाने द्यावेत. यासाठी लेखाविभागात वेगळे शीर्षक नसते. ‘अतिथी मार्गदर्शक मानधन’ या शीर्षकाखाली ते बसवता येते का, हे आधी विचारून ठेवा.

वर्गात प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचा विषय निघणारच. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये या कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, उगमाचा उल्लेख केला नाही, आणि टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. मुले संतापतात, आणि तो संताप रास्त आहे. पण चर्चा तेवढ्यावर सोडू नका, कायदा समजावून सांगा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले जिल्हे येतात. हे मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. आकाराचे रक्षण २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते, पण त्याला नवेपणा लागतो, त्यामुळे शतकानुशतके चालत आलेला आकार त्याखाली कोणालाच स्वतःचा म्हणून नोंदवता येत नाही. म्हणजे नाव न वापरता रूप उचलले तर कायद्याची पकड सैल पडते, आणि तेथे डिझाइनरच्या स्वतःच्या वागण्याचा प्रश्न उरतो. मग हाच प्रश्न वर्गाकडे वळवा: इंटरनेटवरच्या संग्रहातून वारली आकृती उचलून आपल्या शीटवर लावताना आपण उगम लिहिला होता का?

जातीचा उल्लेख टाळून हा विषय शिकवता येत नाही. कातडे कमावणारे आणि चपला शिवणारे हात कोणत्या समाजांचे होते, त्या कामाला हलके का मानले गेले आणि वस्तूला मात्र प्रतिष्ठा कशी मिळाली, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, आणि वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी राहिली; ज्या शहरात हे घडले तेथे या गोष्टीबद्दल कुजबुजत बोलण्याचे कारण नाही. त्याच वेळी हे लक्षात असू द्या की तुमच्या वर्गात त्या घरांतली मुले बसलेली असू शकतात. ‘तुमच्याकडे हे काम होते ना, तू सांग’ असे कोणालाही भर वर्गात म्हणू नका. कोणी स्वतःहून बोलले तर त्याला पूर्ण वेळ द्या.

६. पुराची सूचना: अक्षर, भाषा आणि जबाबदारी

अक्षररचनेच्या तासाला जोडण्यासाठी याहून योग्य विषय आपल्याकडे नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर विद्यार्थ्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी पाहिलेले आहेत. असाइनमेंट अशी द्या: नदीकाठच्या एका गल्लीसाठी एक फलक करा, जो सत्तरीच्या माणसाला पावसात, चष्मा ओला असताना, रस्त्याच्या पलीकडून वाचता यावा.

आधी मजकूर, मग रचना. बंधाऱ्यावरचा ४३ हा आकडा आपल्या दाराशी पाणी कोठे आल्याचे सांगतो, हे प्रत्येक गल्लीला वेगळे असते; ते तेथल्या वयस्कर माणसांना विचारून, २०१९ ची खूण भिंतीवर असल्यास ती जमिनीपासून मोजून लिहावे. केव्हा निघायचे, कोणत्या वाटेने, कोठे जायचे, आणि जनावरांचे काय करायचे. यांतला शेवटचा मुद्दा शहरातली मुले विसरतात. गोठ्यात म्हैस बांधलेली असताना माणूस घर सोडत नाही, त्यामुळे जनावरांच्या जागेचा पत्ता नसलेली सूचना चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत अपुरीच ठरते.

मजकूर इंग्रजीत लिहून नंतर मराठीत आणू देऊ नका. ‘नागरिकांनी स्थलांतरण प्रक्रियेस सहकार्य करावे’ हे वाक्य घाबरलेल्या माणसाला काहीही सांगत नाही. ‘पाणी पायरीला लागले की निघा’ हे सांगते. रचनेत देवनागरीच्या वेलांट्या, रफार आणि उकार यांना वर-खाली जागा लागते. ओळी दाटल्या की लांबून हीच चिन्हे आधी नाहीशी होतात. संगणकावर मोठे करून पाहणे ही चाचणी होत नाही. खऱ्या मापाचा छापील कागद भिंतीला लावा, त्यावर पाणी शिंपडा, दहा मीटर मागे जा आणि वर्गाबाहेरच्या व्यक्तीला वाचायला सांगा.

या असाइनमेंटमधील दोन धोके गंभीर आहेत. छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र फलकावर वापरू देऊ नका. त्या माणसाने ते दुःख जाहिरातीसाठी दिलेले नाही. दुसरे, प्रत्येक फलकावर ‘विद्यार्थी सराव – अधिकृत सूचना नाही’ असे ठळक अक्षरांत हवेच, आणि एकाही फलकाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर जाता कामा नये. ऐन पावसाळ्यात असा फलक मोबाइलवरून फिरला आणि त्यातली वाट बंद असली, तर त्याचे परिणाम गुणपत्रिकेपुरते राहत नाहीत.

७. डिजिटल आणि मूर्ती

‘निकामी झाल्यावर कोठे जाईल’ या प्रश्नासाठी दोन विषय पुरेसे आहेत. चौकाचौकांतले डिजिटल फलक पीव्हीसीचे असतात. एक उतरवलेला फलक मागून आणा, वजन करा आणि छपाईपासून पुढचा त्याचा मागोवा घ्या. बरेचसे गवताच्या गंजीवर किंवा छपरावर झाकण म्हणून जातात, त्याचीही नोंद व्हावी. मूर्तींसाठी शाहूपुरीतील किंवा बापट कॅम्पमधील कुंभारांकडे जा, पण गणेशोत्सव होऊन गेल्यावर. आधीचे महिने त्यांना मान वर करायला फुरसत नसते. शाडू आणि प्लॅस्टर यांच्यातले वजन, वाळण्याचा काळ, तुटीचे प्रमाण आणि किंमत यांची तुलना त्यांच्याकडून ऐकल्याशिवाय ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द शीटवर येऊ देऊ नका.

८. गुण कशाला द्यायचे

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडले जाते तेव्हा, भावनेला गुण देऊ नयेत. एखादा विद्यार्थी फार हळवे बोलतो, एखाद्याला बोलताच येत नाही. शीट दोघांची एकाच मापाने तपासावी. मी पाहतो ते असे: किती मोजमापे स्वतः घेतली, ज्याच्यासाठी काम आहे त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नोंदवले का, पहिल्या आराखड्यापासून शेवटच्यापर्यंत नोंदींमुळे काय बदलले, आणि तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिक आहेत का. ‘माझी रचना डावखुऱ्या माणसाला चालणार नाही’ असे ज्याने स्वतः लिहिले, त्याचे गुण कापू नका, वाढवा. सादरीकरण मराठीत करण्याची परवानगी तोंडी न देता असाइनमेंटच्या कागदावर छापा, कारण तोंडी परवानगीवर पहिल्या वर्षाची मुले विश्वास ठेवत नाहीत. बाहेरच्या परीक्षकांना गुणदानाचा तक्ता किमान आठवडाभर आधी पाठवा. नाहीतर ते सवयीने सुबक शीटला गुण देऊन जातात.

९. परत जाणे

ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे काम झाल्यावर परत जाणे ही असाइनमेंटचीच पायरी समजा आणि तिला तारीख द्या. कारागिराला त्याच्या कामाची शीट छापून द्यावी, कार्यालयाला उताराच्या मोजमापांची एक पानी नोंद पत्रासह द्यावी आणि पोच घ्यावी. सुधारणा होईलच असे आश्वासन विद्यार्थ्यांनी कोणालाही देऊ नये. संमतिपत्रे, मोजमापे आणि पोचपावत्या इमारतीच्या किंवा गल्लीच्या नावाने फाइल करून विभागात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायला जाणार नाही आणि त्याच उतारावर टेप लावून फरक पडला का ते पाहील.